कापूर उडतो तेव्हा कोणता बंध तुटतो? सहसंयुज बंध आणि रेणूंमधील आकर्षण यांविषयी

तुम्ही नववी-दहावीला विज्ञान शिकवता आणि तुमच्या तीन शंका आहेत. पाठ्यपुस्तकात सहसंयुज बंध मजबूत असल्याचे लिहिलेले असते, पण मुलांच्या गाइडमध्ये ‘सहसंयुज बंध दुर्बल असल्यामुळे या संयुगांचे द्रवणांक कमी असतात’ असे उत्तर पाठ करायला दिलेले आहे. मग खरे काय, ही पहिली शंका. इलेक्ट्रॉनांची भागीदारी केली की दोन अणू एकमेकांना धरून का राहतात, ही दुसरी. आणि नवसागरात (अमोनिअम क्लोराइडमध्ये) धातू मुळीच नाही, तेव्हा त्याला सहसंयुज म्हणावे की आयनिक, ही तिसरी. मी तीस वर्षे हा विषय शिकवला, प्रयोगशाळाही सांभाळली. या तिन्ही शंकांचे मूळ एकच आहे असे माझे मत झाले आहे: रेणूच्या आतला बंध आणि दोन रेणूंमधले आकर्षण या दोन वेगळ्या गोष्टींची आपल्या शिकवण्यात गल्लत होते.

पहिल्या शंकेचे उत्तर सरळ आहे. गाइडमधले ते वाक्य चूक आहे आणि ते मुलांच्या वहीतून खोडून टाकायला हवे.

का चूक आहे, हे कापराच्या वडीवरून चांगले समजते. पूजेच्या डब्याचे झाकण नीट लागले नाही, तर वडी दिवसेंदिवस झिजत जाते आणि देवघरात वास भरून राहतो. कापराचा एक रेणू म्हणजे दहा कार्बन, सोळा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असे सत्तावीस अणू. ते अठ्ठावीस जोडांनी एकमेकांना बांधलेले असतात: सोळा जोड कार्बन आणि हायड्रोजन यांचे, अकरा कार्बन-कार्बनचे आणि एक कार्बन-ऑक्सिजनचा, जो दुहेरी बंध आहे. वडी झिजते तेव्हा या अठ्ठावीसांपैकी एकही जोड तुटत नाही. रेणू अख्खेच्या अख्खे शेजाऱ्यांपासून सुटतात आणि हवेत जातात. याची खूण म्हणजे तो वास, कारण नाकापर्यंत पोचतो तो कापराचाच रेणू. हे मुलांच्या डोळ्यांना दाखवायचे असेल तर एका स्वच्छ काचेच्या बरणीत दोन वड्या टाकून झाकण घट्ट लावा आणि बरणीची एक बाजू उन्हात व दुसरी सावलीत राहील अशी खिडकीत ठेवा. काही दिवसांत सावलीकडच्या काचेवर पांढरे, चकाकणारे बारीक स्फटिक जमतात. तोही कापूरच असतो, वासाने आणि ज्योतीने त्याची खात्री करता येते. (कापूर पोटात गेल्यास विषारी असतो, तेव्हा बरणी लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. हा प्रयोग विस्तवावर मुळीच करू नये, कारण कापराची वाफ पेट घेते.)

आता तीच वडी आरतीच्या ताटात पेटवा. पिवळी ज्योत येते, काजळी उठते आणि मागे काही उरत नाही. इथे मात्र ते अठ्ठावीस जोड खरोखर तुटले. कार्बन आणि हायड्रोजन यांनी हवेतल्या ऑक्सिजनशी नवे बंध जोडले आणि कार्बन डायऑक्साइड व पाणी तयार झाले; ज्या कार्बनला ऑक्सिजन पुरला नाही, तो काजळी होऊन ताटाच्या काठाला बसला. या धुरातून आणि वाफेतून कापूर परत मिळवता येणार नाही. एकाच वडीचे हे दोन शेवट वर्गात शेजारी शेजारी मांडले, तर ‘रेणूमधला बंध’ आणि ‘रेणूंमधले आकर्षण’ यांतला फरक मुलांना वेगळा समजवावा लागत नाही.

आकड्यांतही हे अंतर स्पष्ट दिसते. एक मोल पाण्याची, म्हणजे १८ ग्रॅमची, १०० अंश सेल्सिअसला वाफ करण्यासाठी सुमारे ४१ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्याच वाफेतले सगळे ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडून अणू सुटे करायचे म्हटले तर सुमारे ९२६ किलोज्यूल लागतात, म्हणजे बावीसपटीहून अधिक. तरीही उकळत्या पाण्यातले बुडबुडे काढून एका बुडबुड्याला ‘हायड्रोजन’ आणि दुसऱ्याला ‘ऑक्सिजन’ असे नाव दिलेल्या उत्तरपत्रिका मी दरवर्षी तपासल्या आहेत, आणि ती मुले हुशार होती. त्यांनी गाइडमधल्या वाक्याचा अर्थ प्रामाणिकपणे पुढे नेला होता, इतकेच: बंध दुर्बल असतील तर उकळल्यावर ते तुटायलाच हवेत. त्या बुडबुड्यांत पाण्याचीच वाफ असते.

आता दुसऱ्या शंकेकडे वळतो. यावर थोडे थांबणे गरजेचे आहे, कारण ‘भागीदारी’ हा शब्द कानाला गोड वाटतो, पण त्यातून कारण काहीच कळत नाही. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट ल्युइस यांनी १९१६ मध्ये मांडले की इलेक्ट्रॉनांची एक जोडी दोन अणूंची सामाईक मालमत्ता असू शकते आणि रासायनिक बंध म्हणजे हीच जोडी. आजही आपण फळ्यावर काढतो ती ठिपक्यांची रचना त्यांचीच. या बंधाचे आज रूढ असलेले इंग्रजी नाव आयर्विंग लँगम्युअर यांनी १९१९ मध्ये रुळवले. पण जोडी सामाईक झाली की अणू एकत्र का राहतात, याचे समाधानकारक गणित १९२७ मध्ये हाइटलर आणि लंडन या भौतिकशास्त्रज्ञांनी हायड्रोजनच्या रेणूसाठी पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) आधारे केले.

ते गणित शाळेत शिकवता येत नाही, पण त्यातले चित्र शिकवता येते. हायड्रोजनचे दोन अणू एकमेकांपासून फार दूर असताना प्रत्येक इलेक्ट्रॉनाला आपल्याच केंद्रकाची ओढ असते. अणू जवळ आले की इलेक्ट्रॉनांना दोन केंद्रकांच्या मधल्या जागेत वावरायला मिळते आणि तिथे त्यांच्यावर दोन्ही केंद्रकांची ओढ पडते. मधला हा ऋण प्रभार दोन्ही धन केंद्रकांना आतल्या बाजूला खेचून धरतो आणि सगळ्या व्यवस्थेची ऊर्जा कमी होते. अणू आणखी जवळ ढकलले तर केंद्रके एकमेकांना जोराने दूर लोटू लागतात आणि ऊर्जा पुन्हा चढते. या ओढाताणीत जिथे ऊर्जा सर्वांत कमी होते, तिथे रेणू स्थिरावतो. हायड्रोजनच्या बाबतीत ते अंतर ७४ पिकोमीटर आहे (एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग). तिथून दोन्ही अणू पुन्हा वेगळे करण्यासाठी दर मोलला ४३६ किलोज्यूल खर्च करावे लागतात. बंधाची ताकद म्हणतात ती हीच.

म्हणूनच ‘क्लोरिनला अष्टक पूर्ण करायचे असते’ हे वाक्य वर्गात वापरताना जपावे, असे मी सुचवेन. अणूला इच्छा नसते. अष्टक, म्हणजे बाह्यतम कक्षेत आठ इलेक्ट्रॉन, हा हिशेबाचा फार उपयोगी नियम आहे. फ्लुओरिनच्या बाह्यतम कक्षेत सात इलेक्ट्रॉन असतात, तेव्हा तो एक बंध करतो. ऑक्सिजनपाशी सहा, म्हणून दोन. नायट्रोजनपाशी पाच, म्हणून तीन. कार्बनपाशी चार, म्हणून चार. हायड्रोजन मात्र द्विकावर थांबतो, कारण त्याच्या पहिल्या कक्षेत दोनच इलेक्ट्रॉन मावतात. शालेय पातळीवरच्या बहुतेक रेणूंची रेणुसूत्रे एवढ्या हिशेबावर बरोबर येतात. तरीही नियम कुठे थांबतो हे शिक्षकाला ठाऊक असावे. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात, सल्फर हेक्साफ्लुओराइडमध्ये गंधकाभोवती सहा बंध असतात आणि नायट्रिक ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉनांची एकूण संख्याच विषम असल्यामुळे सगळ्यांच्या जोड्या लागूच शकत नाहीत. ऑक्सिजनची गोष्ट याहून गंभीर आहे. ठिपक्यांच्या रचनेत त्याचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीने दिसतात, पण द्रवरूप ऑक्सिजन शक्तिशाली चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला तर तिथेच अडकून राहतो, म्हणजे त्याच्यात जोडी न लागलेले इलेक्ट्रॉन असलेच पाहिजेत. त्याचा उलगडा करणारा सिद्धांत पुढे अकरावीत येतो. तोवर ठिपक्यांचे चित्र वापरत राहावे, पण ते अंतिम सत्य म्हणून सांगू नये.

दोन अणूंमध्ये एकाहून अधिक जोड्या असतील तर बंध आखूड आणि बळकट होतो. नायट्रोजन रेणूतला तिहेरी बंध ११० पिकोमीटर लांबीचा असून तो तोडायला दर मोलला ९४५ किलोज्यूल लागतात. ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाला ४९८ पुरतात. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनचा असूनही शेतातल्या उसाला किंवा कपाशीला तो थेट घेता येत नाही, याचे मोठे कारण हा तिहेरी बंध आहे. अलिबागजवळच्या थळसारख्या खतकारखान्यांत नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया बनवतात. या प्रक्रियेला साधारणपणे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान, १०० वातावरणांहून अधिक दाब आणि लोहाचे उत्प्रेरक लागते, आणि त्या अमोनियापासून पुढे युरिया तयार होतो. तूर किंवा हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हेच काम जमिनीच्या नेहमीच्या तापमानाला करतात. युरियाचे पोते आणि हरभऱ्याचे उपटलेले रोप या दोन वस्तू वर्गात आणा; ग्रामीण भागातल्या मुलांना तिहेरी बंध म्हणजे काय हे त्यांवरून जितके पटते, तितके तीन रेघांवरून पटत नाही.

इथेच आणखी एक रूढ चूक दुरुस्त करून घ्यावी. ‘बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते’ असे मुले लिहितात, कधीकधी शिक्षकही सांगतात. बंध तोडायला प्रत्येक वेळी ऊर्जा लागते; ती बाहेर पडते नवे बंध जुळताना. हायड्रोजन आणि क्लोरिन यांचे उदाहरण हिशेबाला सोपे आहे. दोघांचा एकेक मोल घेतला तर जुने बंध तोडायला ४३६ अधिक २४२, म्हणजे ६७८ किलोज्यूल खर्च होतात. हायड्रोजन क्लोराइडचे दोन मोल तयार होताना दर मोलला ४३१ याप्रमाणे ८६२ किलोज्यूल मिळतात. वजाबाकी करून उरलेले १८४ किलोज्यूल उष्णतेच्या रूपाने बाहेर येतात. आरतीच्या कापराची उष्णता याच प्रकारच्या हिशेबातून येते.

भागीदारी नेहमी समसमान नसते. हायड्रोजन-हायड्रोजन किंवा क्लोरिन-क्लोरिन या जोडीत दोन्ही बाजूंची ओढ सारखीच असते, पण हायड्रोजन क्लोराइडमध्ये सामाईक जोडी क्लोरिनकडे झुकते. ही ओढ मोजण्यासाठी लिनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये विद्युतऋणतेची मापनश्रेणी दिली. तिच्यात हायड्रोजन २.२०, कार्बन २.५५, क्लोरिन ३.१६, ऑक्सिजन ३.४४ आणि फ्लुओरिन ३.९८ असे अंक येतात, तर सोडियमचा अंक अवघा ०.९३ आहे. दोन अंकांतले अंतर जसजसे वाढते, तसतसा बंध अधिकाधिक ध्रुवीय, म्हणजे एका बाजूला झुकलेला, होत जातो आणि सोडियम-क्लोरिनसारख्या जोडीपाशी पोचेपर्यंत त्याचे वर्णन आयनिक असेच करणे योग्य ठरते. मधे कुठेही भिंत नाही. ‘धातू असला की आयनिक, नसला की सहसंयुज’ हा नियम सुरुवातीला चालतो, पण टायटॅनियम टेट्राक्लोराइडमध्ये धातू असूनही तो खोलीच्या तापमानाला द्रव असतो आणि १३६ अंशांना उकळतो. तो रेणूंचाच बनलेला आहे.

बंध ध्रुवीय असला म्हणून रेणू ध्रुवीय असेलच असे मात्र नाही, कारण आकाराचाही प्रश्न येतो. कार्बन डायऑक्साइडचे तीन अणू एका सरळ रेषेत असल्यामुळे दोन्हीकडचे झुकाव एकमेकांना रद्द करतात. पाण्याचा रेणू १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेला असतो, कारण ऑक्सिजनवरच्या दोन एकाकी (बंधात न गुंतलेल्या) इलेक्ट्रॉन-जोड्यांनाही जागा लागते. तिथे झुकाव रद्द होत नाहीत आणि रेणूला एक ऋण बाजू व एक धन बाजू मिळते. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. यालाच हायड्रोजन बंध म्हणतात. नावात ‘बंध’ असला तरी तो दोन रेणूंमधला आहे आणि सहसंयुज बंधाच्या मानाने बराच दुर्बल आहे, हे आवर्जून सांगावे. पाण्याच्याच कुळातला हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांनाच उकळतो आणि पाणी १०० अंशांना. या अंतराचे श्रेय मुख्यतः हायड्रोजन बंधांना जाते.

हे समजले की द्रवणांकांचे कोडे आपोआप सुटत जाते, आणि ‘सहसंयुज संयुगांचे द्रवणांक कमी असतात’ हे विधानही किती अपुरे आहे ते दिसते. साखर घ्या. तिच्या रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनचे आठ गट असतात आणि प्रत्येक गट शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंध करतो. एकेक बंध दुर्बल, पण सगळ्यांची मिळून पकड इतकी पक्की होते की साखरेचा रेणू शाबूत राहून वाफेत जाऊच शकत नाही. कढईत साखर तापवली की १८० अंशांच्या पुढे ती वितळते खरी, पण त्याच सुमारास रंग आधी सोनेरी, मग तपकिरी होऊ लागतो आणि खमंग, नंतर कडवट वास येतो. इथे रेणू सुटे होण्याआधीच त्यांच्या आतले सहसंयुज बंध तुटू लागले आणि पाणी बाहेर पडू लागले. कापूर आणि साखर, दोन्ही रेण्वीय संयुगे, पण तापवल्यावर एकाचा रेणू उडून जातो आणि दुसरीचा जागच्या जागी मोडतो. साखर पाण्यात भराभर विरघळते याचेही कारण ते आठ गटच आहेत. कापराच्या रेणूवर एकच ऑक्सिजन आणि बाकी सगळा कार्बन-हायड्रोजनचा देह, त्यामुळे पाण्यात तो जेमतेम विरघळतो.

वाळूची गोष्ट आणखी वेगळी. सिलिकॉन डायऑक्साइड हे नाव कार्बन डायऑक्साइडसारखेच, सिलिकॉन कार्बनच्याच गणातला, पण कार्बन डायऑक्साइड उणे ७८.५ अंशांना घनरूपातून थेट वायुरूपात जातो आणि वाळू वितळवायला सुमारे १,७०० अंश लागतात. कार्बनला प्रत्येक ऑक्सिजनशी दुहेरी बंध करणे परवडते, म्हणून तिथे तीन अणूंचा सुटा रेणू तयार होतो. सिलिकॉन चार ऑक्सिजन अणूंशी एकेरी बंध करतो, प्रत्येक ऑक्सिजन पुढच्या सिलिकॉनला जोडलेला असतो आणि हे जाळे खड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. त्यात रेणू नावाचा वेगळा घटक नाहीच. म्हणून वाळू वितळवताना सहसंयुज बंधच तोडावे लागतात. सहसंयुज बंध किती मजबूत असतो हे पाहायचे असेल तर वाळूकडे आणि हिऱ्याकडे पाहावे. ‘सहसंयुज पदार्थ’ आणि ‘रेण्वीय संयुग’ हे शब्द एकाच अर्थाने वापरू नयेत, ते यासाठी.

विद्युतवहनाबद्दल एकच सूचना. साखरेच्या पाण्यात दिवा लागत नाही आणि मिठाच्या पाण्यात लागतो, हा प्रयोग जरूर करावा, पण त्यावरून ‘सहसंयुज संयुगाचे द्रावण वीज वाहत नाही’ असा सरसकट नियम देऊ नये. हायड्रोजन क्लोराइड हा रेण्वीय वायू आहे, तरी पाण्यात गेल्यावर तो आपला हायड्रोजन पाण्याच्या रेणूला आयनाच्या रूपाने देऊन टाकतो आणि दिवा लख्ख पेटतो. तोच वायू कोरड्या टोल्यूइनमध्ये (एका सेंद्रिय द्रावकात) विरघळवला तर दिवा लागत नाही.

आता नवसागर, म्हणजे अमोनिअम क्लोराइड. त्यात धातू नाही, तरी स्फटिक आयनांचाच आहे. अमोनिअम हा पाच अणूंचा धन आयन. त्याच्या आत नायट्रोजन चार हायड्रोजनांना सहसंयुज बंधांनी धरून असतो, आणि त्यातल्या एका बंधासाठीचे दोन्ही इलेक्ट्रॉन नायट्रोजनने एकट्याने दिलेले असतात, पण एकदा बंध झाल्यावर चारही अगदी सारखे असतात. हा आयन आणि क्लोराइड आयन यांच्यामधले आकर्षण मात्र आयनिक. म्हणून एकाच पदार्थात दोन्ही प्रकारचे बंध असतात, हेच उत्तर बरोबर. खाण्याचा सोडा हेही तसेच उदाहरण.

नवसागर आणि कापूर या दोघांनाही पुस्तकात संप्लवनाच्या (घनातून थेट वायू होण्याच्या) यादीत शेजारी बसवतात, आणि तिथे मला थोडी दुरुस्ती सुचवायची आहे. कल्हईवाल्याला काम करताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना आठवेल: तो तापलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात नवसागराची चिमूट टाकतो, कापसाच्या बोळ्याने फिरवतो आणि पांढरा धूर भपकन वर येतो. कापराप्रमाणे इथे अख्खे रेणू उडालेले नसतात. उष्णतेने अमोनिअम आयनाचा एक नायट्रोजन-हायड्रोजन बंध तुटतो, सुटलेला हायड्रोजन शेजारच्या क्लोराइड आयनाकडे जातो आणि अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू वेगळे होतात. हवेत थंड होताच ते पुन्हा एकत्र येतात आणि नवसागराचे बारीक कण पांढऱ्या धुरासारखे दिसतात. दरम्यान भांड्यावरचा ऑक्साइडचा थर निघून जातो आणि कथिलाला स्वच्छ धातू मिळतो.

हे प्रयोगशाळेत सिद्ध करता येते. कोरड्या परीक्षानळीच्या तळाशी थोडा नवसागर घ्या, त्याच्या वर काचेच्या लोकरीचा सैलसर बोळा बसवा आणि बोळ्याच्या वरच्या भागात ओल्या लाल आणि निळ्या लिटमसची एकेक पट्टी ठेवा. खिडक्या उघडून, मंद आचेवर तळ तापवा. अमोनियाचा रेणू हायड्रोजन क्लोराइडच्या निम्म्याहून कमी वजनाचा असल्यामुळे बोळ्यातून तो आधी पार होतो, आणि काही क्षणांत लाल पट्टी निळी होते. थोड्या वेळाने मागून हायड्रोजन क्लोराइड पोचतो आणि दोन्ही पट्ट्या लाल होतात.